बारा पन्नासचा फोन

फोन आला तेव्हा घड्याळे ओट्यापाशी उभा राहून पातेल्यातूनच भात खात होता. बायको घरात नसली की ताट घ्यायचा त्याला कंटाळा. पहाटे पहिल्या बसनं तिला विमानतळावर सोडून तो परत आला होता, आणि आता तीन आठवडे असंच उभ्यानं जेवायचं, अशी त्यानं मनाची तयारी केली होती.

फोनवर जावई होता. जावई आपणहून कधी फोन करत नसे. लेकीनं लावून दिला की "काय बाबा, बरं ना?" एवढं विचारायचा आणि उत्तर यायच्या आत फोन परत तिच्या हातात द्यायचा.

"बाबा, बसलाय का तुम्ही?"

"उभा आहे. का?"

"बसा ना जरा."

"तुम्ही बोला हो."

"आई गेल्या, बाबा. इथं विमानतळावरच. बाहेर आल्या, हिच्याशी बोलल्या, चहा घेतला, आणि बसल्या जागी मान टाकली. डॉक्टर लगेच आले होते. काही उपयोग झाला नाही."

अशी बातमी ऐकली की माणूस खाली बसतो, रडतो, शेजारच्याला हाक मारतो. घड्याळेनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा पन्नास.

यात त्याच्या मनाचा काही दगडपणा नव्हता. एकतीस वर्षं त्यानं शहराची बस चालवली होती. टायर फुटो, कोणी आडवं येवो, एखाद्या बाईला बसमध्ये कळा सुरू होवोत, ड्रायव्हरनं आधी वेळ बघायची, कारण डेपोत पहिला प्रश्न तोच विचारतात. त्याचं खरं आडनाव डेपोत कुणाच्या लक्षात नव्हतं. पगार वाटणारा कारकूनसुद्धा "घड्याळे, सही कर" म्हणायचा. निवृत्त झाल्यावर गल्लीतही तेच नाव आलं.

बायको गेली हे आत उतरायला त्याला दोन दिवस लागले. बारा पन्नास मात्र त्याच क्षणी रुतून बसले.

कारण गणित जुळत नव्हतं. विमान सकाळी सातला सुटणार होतं. लेकीचं शहर इथून तीन हजार सातशे किलोमीटर, याच खंडात पण पार पूर्वेला. तिथलं घड्याळ इथल्यापेक्षा अडीच तास पुढं. तिकिटावर पोचायची वेळ तिथले पावणेतीन छापली होती, म्हणजे इथले सव्वाबारा. हे त्याला कुणी शिकवायला नको होतं, लेक तिकडे राहायला गेल्यापासून तो दिवसातून चारदा तीच वजाबाकी करत होता. आता सव्वाबाराला विमान टेकलं असं धरा. दार उघडायला दहा मिनिटं. मग पासपोर्टची रांग, मग बॅग. बायको गुडघ्यांनी बेजार, ती काही पळत सुटणार नाही. काही झालं तरी पावणेएकच्या आत ती बाहेर येत नाही. आणि फोन आला बारा पन्नासला. म्हणजे पाच मिनिटांत ती लेकीशी बोलली, चहा प्यायली, डॉक्टर आले आणि गेली?

ही माणसं काहीतरी लपवत होती.

तिसऱ्या दिवशी लेक आणि जावई तिला घेऊन आले. विमानतळाच्या मालाच्या फाटकापाशी कागद होईपर्यंत उभं राहायला लागलं. लेक त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती. घड्याळेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि जावयाला विचारलं, "यायला किती वेळ लागला?"

जावई गोंधळला. "सहा तास, बाबा. जवळजवळ सहा. येताना समोरून वारा असतो."

वारा. घड्याळेनं मान हलवली, पण मनात त्या शब्दाला खूण करून ठेवली. एकतीस वर्षांत उशिरा येणाऱ्यांच्या सगळ्या सबबी त्यानं ऐकल्या होत्या. फाटक बंद होतं, मोर्चा होता, म्हैस बसली होती. वाऱ्याची ही पहिलीच.

पुढचे सगळे विधी त्यानं यंत्रासारखे केले. माणसं आली, बसली, बोलली, गेली. जावयाची रजा संपली, तोही गेला. लेक मात्र महिनाभर राहते म्हणाली. तिनं आईची कपाटं लावली, बापाला ताटात जेवायला बसवलं. तो मुकाट्यानं जेवायचा आणि तिच्याकडे बघायचा. हिला माहीत आहे, असं त्याला वाटायचं. ही सांगत नाही.

त्याच्या बसवर अठरा वर्षं जो कंडक्टर होता, तो आता दोन गल्ल्या सोडून राहायचा आणि रोज सकाळी यायचा. एकदा लेक अंघोळीला गेली असताना घड्याळेनं त्याला जिन्यात गाठलं आणि सगळा हिशोब सांगितला.

कंडक्टरनं डोकं खाजवलं. "मग तुझं म्हणणं काय?"

"ती विमानातच गेली. पट्टा बांधलेला, शेजारी कोण कुठला परका माणूस. एकटी गेली. आणि मला वाईट वाटू नये म्हणून ही दोघं गोष्ट रचून सांगतायत."

"विमानात असं झालं तर खालच्यांना कळतं का आधी?"

"कळत असणार. आपल्या बसमध्ये कोणी आजारी पडलं तर पुढच्या थांब्यावर कळायचंच की."

"ते कळायचं, कारण मी शिट्टी वाजवून गाव गोळा करायचो." कंडक्टरनं पुन्हा डोकं खाजवलं. "विमान लवकर आलं असेल."

घड्याळे त्याच्याकडे बघतच राहिला. "तू हे बोलतोयस? गाडी कधी वेळेआधी येते?"

दोघांच्या धंद्यात उशीर एक वेळ माफ होता, वेळेआधी जाणं नव्हतं. गाडी तीन मिनिटं लवकर सुटली की थांब्यावर येणारा माणूस चुकतो, आणि तो माणूस डेपोत जाऊन बोंब मारतो. त्यामुळे रस्ता मोकळा मिळाला तर ड्रायव्हर शेवटच्या थांब्याच्या अलीकडे झाडाखाली गाडी लावून बसायचा आणि वेळ झाली की शहाण्यासारखा आत यायचा. वेळेआधी पोचला तर हातात मेमो. घड्याळेला अख्ख्या नोकरीत एक मेमो मिळाला होता, तोही उशिराचा.

"म्हणजे छापलेली वेळ ही सगळ्यात लवकरची," घड्याळे म्हणाला. "त्याच्या पुढेच काय ते व्हायचं. अलीकडे नाही."

"ते खरं," कंडक्टर म्हणाला. "मग पोरीला विचार. पण जपून विचार. तिचीही आई होती ती."

घड्याळेनं जपून विचारलं असं म्हणता येणार नाही. त्यानं रोज एकेक प्रश्न काढला. जेवताना, कपडे वाळत घालताना, दूधवाल्याकडून दूध घेऊन दार लावताना. आई कुठल्या दारानं बाहेर आली? बॅग कोण ढकलत होतं? खुर्ची कसली होती, लोखंडी की प्लास्टिकची? लेक आधी सगळं सांगायची. तिला बरंच वाटायचं, बाप निदान बोलतोय. तिच्या लक्षात यायला वेळ लागला की बाप एकच प्रश्न पुन्हा फिरवून विचारतोय, तिकीट तपासणारा खिशात दडवलेलं तिकीट काढायला लावतो तसा.

"मग तिनं चहा संपवला का?" एका दुपारी त्यानं विचारलं. लेक बोलता बोलता म्हणाली, "कॉफी अर्धी तशीच राहिली बघा, बाबा."

घड्याळेनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "कॉफी?"

"हो."

"जावई तर चहा म्हणाले."

"त्यांना चहा काय, कॉफी काय, सगळं एकच."

"तुझी आई कॉफी पीत नाही."

"माझ्याकडे आली की प्यायची."

"बेचाळीस वर्षं मी तिला ओळखतो. तिनं एकदाही कॉफी घेतली नाही."

"तुम्ही कधी दिली?"

लेक हसत बोलली होती, पण बापाच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू मावळलं. ती येऊन त्याच्या समोर बसली. "बाबा, काय चाललंय तुमचं? पंधरा दिवस मी बघतेय. काय शोधताय?"

मग त्यानं सांगितलं. सात, पावणेतीन, अडीच तास, सव्वाबारा, बारा पन्नास. बोटांवर मोजून सांगितलं. लेक ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा पांढरा पडत गेला. घड्याळेला वाटलं, सापडली.

"विमान लवकर आलं होतं, बाबा," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी तिथं होते. मी दोन तास आधीच जाऊन बसले होते, तुमचीच सवय. बोर्डावर लागलं, चाळीस मिनिटं आधीच आलं म्हणून. आई बाहेर आली, मला बघून हात केला, आम्ही दोघी तिथं बाकावर बसलो, हे गाडी आणायला गेले. चांगली वीस मिनिटं बसलो. काय काय बोलली आई. तुम्ही एकदा तरी विचारलंत का, ती काय बोलली? ती म्हणाली..."

"बोलण्याचं नंतर," घड्याळे म्हणाला. "आधी वेळेचं सांग. जाताना साडेचार तास आणि येताना सहा? रस्ता तोच ना?"

"रस्ता नाहीये तिथं, बाबा. हवा आहे."

"तेच तुझा नवराही म्हणाला. तुमचं दोघांचं आधी ठरलेलं दिसतंय."

लेक उठली. ती आवाज चढवणारी पोर नव्हतीच, लहानपणीही नव्हती. हळूच म्हणाली, "मी आईच्या शेवटच्या वेळेचा पुरावा आणून देऊ तुम्हाला?"

"द्यायला काय हरकत आहे? खरं असेल तर देशील."

"तिचा हात माझ्या हातात होता."

"असं तू म्हणतेस."

लेक आत गेली. संध्याकाळपर्यंत तिनं बॅग भरली, दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं. निघताना पाया पडली, डबे कुठे ठेवलेत ते सांगितलं, गॅसचा नंबर फ्रिजवर लावलाय म्हणाली. विमानतळावर सोडायला येऊ नका, असंही म्हणाली. पोचल्याचा फोन जावयानं केला. "काय बाबा, बरं ना?" इतकंच विचारलं आणि या वेळी फोन कुणाच्या हातात दिला नाही.

कंडक्टरला हे कळलं तेव्हा तो चार दिवस आलाच नाही. पाचव्या दिवशी आला आणि चपला न काढता दारातूनच म्हणाला, "शर्ट घाल. विमानतळावर जाऊ."

"कशाला?"

"तुझा कुणावर विश्वास नाही ना? मग स्वतः बघ. अठरा वर्षं तुझ्यामागं उभं राहून शिट्टी मारली, आज पहिल्यांदा रस्ता मी सांगतो. चल."

दोघं बसनं गेले. निवृत्तीच्या पासावर, पुढच्या सीटवर. येणाऱ्या माणसांच्या दालनात मोठा बोर्ड होता, त्याखाली खुर्च्या. दोघं तिथं जाऊन बसले, जणू कुणाला घ्यायलाच आले होते. कंडक्टरनं घरून आणलेल्या पोळीचे दोन भाग केले.

बोर्डावर पश्चिमेकडून येणारं एक विमान होतं, वेळ दहा वीस. पावणेदहालाच त्याच्यापुढं "उतरले" असं लागलं. घड्याळेनं आपल्या मनगटावर बघितलं, मग भिंतीवर बघितलं.

"त्यांचं घड्याळ चुकलंय," तो म्हणाला.

"दोन्ही तेच सांगतायत. तुझंपण."

पूर्वेकडून येणारी दोन विमानं उशिरा होती. पश्चिमेचं आणखी एक पंचवीस मिनिटं लवकर आलं. घड्याळे खुर्चीच्या टोकाला सरकला. पहिल्या विमानातली माणसं बाहेर पडली, आपापल्या माणसांना भेटून गेली. एक बाई मात्र दोन बॅगांवर हात ठेवून खांबापाशी उभीच होती. अर्ध्या तासानं एक गृहस्थ धापा टाकत आला.

"अगं, लवकर आलं ना विमान, मी काय करू?"

"मग मी त्यांना सांगायचं होतं का, जरा वरच घिरट्या घाला, आमचे हे दाढी करतायत म्हणून?"

कंडक्टर हसला. घड्याळे हसला नाही. तो उठून चौकशीच्या खिडकीपाशी गेला. आत एक मध्यमवयीन बाई बसली होती, तिच्यापुढं फोन आणि अर्धवट विणलेला स्वेटर.

"ताई, विमान वेळेआधी येतं?"

"येतं की काका. रोज येतं."

"रोज? मग मेमो नाही देत कुणी?"

तिनं सुया खाली ठेवल्या. "कशाचा मेमो?"

कंडक्टर मागून पुढं आला. "आमच्या धंद्यात देतात, ताई. तुम्ही सांगा ह्याला, लवकर कसं येतं ते."

"वरती वारा असतो ना मोठा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा. तिकडे जाताना तो पाठीशी असतो, मग विमान लवकर जातं. परत येताना तोच तोंडावर. थंडीच्या दिवसांत जास्त."

"मग वेळ कमी छापायची."

"आणि एखाद्या दिवशी वारा पडला तर? उशीर झाला की लोक आमच्या नावानं शंख करतात, काका. लवकर आलं तर कुणी तक्रार घेऊन येत नाही. म्हणून हात राखूनच छापतात."

घड्याळेनं बायको गेली त्या दिवसाची तारीख सांगितली, विमान सांगितलं. ते काही गुपित नव्हतं. बाईनं समोरच्या पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, "सातला सुटलं. तिकडे उतरलं ते आपल्या घड्याळानं अकरा पस्तीसला."

"अकरा पस्तीस."

"हो. छापलेल्या वेळेच्या चाळीस मिनिटं आधी."

घड्याळेनं खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकले. "ताई, खरं सांगा. तुम्हाला माझ्या मुलीचा फोन आला होता का?"

बाईनं आधी त्याच्याकडे, मग कंडक्टरकडे पाहिलं. कंडक्टरनं मान खाली घातली होती.

"नाही हो काका," ती म्हणाली. "मी तुमच्या मुलीला ओळखत नाही."

दोघं परत खुर्च्यांवर येऊन बसले. घड्याळे पुन्हा हिशोब करत होता. अकरा पस्तीसला टेकलं. बायको गुडघ्यांनी बेजार, तरी बारा पाचपर्यंत बाहेर. लेक दोन तास आधीपासून तिथंच बसलेली. बारा पाच ते बारा पंचवीस. मग डॉक्टर, मग धावपळ, मग बारा पन्नासला फोन. कुठेही फट नव्हती. तो फट शोधत राहिला, अगदी रांग लांब असेल, बॅग उशिरा आली असेल, असं सगळं घालून बघितलं, तरी लेकीच्या वीस मिनिटांतलं एकही मिनिट हलेना.

"एकटी नव्हती," तो शेवटी म्हणाला.

"नव्हती."

"पोरगी खरं सांगत होती."

"ती कधी खोटं बोलली होती रे? शाळा बुडवली तरी येऊन सांगायची, बुडवली म्हणून."

आणि मग, त्या दालनात, लोकांच्या बॅगा आणि लहान पोरांच्या रडारडीत, घड्याळे रडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. कंडक्टरनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उरलेली पोळी पिशवीत गुंडाळून ठेवली.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "घरी गेलास की आधी फोन लाव."

"काय म्हणू?"

"म्हण, माझं चुकलं."

"आणि ती म्हणाली, आता कशाला, तर?"

"तर ऐकून घे. तिचं एकदा तरी पूर्ण ऐकून घे."

घड्याळेला हे कळत होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की तोंडावर "असं तू म्हणतेस" म्हटल्यावर माणूस पुन्हा कुठून सुरुवात करतो. त्या रात्री लेकीकडे साडेनऊ वाजले असतील म्हणून त्यानं फोन केला नाही, ती झोपायच्या गडबडीत असेल. सकाळी तिची कामावर जायची वेळ. दुपारी जावई जवळ असेल. एकदा त्यानं फोन लावलाही, आणि पहिली घंटा वाजताच बंद केला. तिकडून उलटा फोन आला नाही.

जावयाची माफी त्यानं मागितली, ती कंडक्टरच्या फोनवरून, दोन वाक्यांत. जावई म्हणाला, "असू द्या बाबा." लेकीबद्दल दोघंही काही बोलले नाहीत.

विमानतळावर जाऊन आल्याला आता दीड महिना होत आला. बायको त्या बाकावर बसून वीस मिनिटं लेकीशी काय बोलली, हे त्यानं अजून विचारलेलं नाही.